मेंदूच्या तटाआंत औषध

किल्ल्याचा तट शत्रूला अडवितो, तसा प्रसंगीं मदतीस धांवून आलेल्या मित्रालाहि अडवितो. मनुष्याच्या मेंदूची स्थिति बरीचशी अशीच आहे.

१८८५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडला. बाकीचे अवयव रंगले. मेंदू मात्र बहुतांशीं कोरा राहिला. १९१३ सालीं त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनीं रंग मेंदूभोंवतालच्या द्रवांत सोडून पाहिला, तेव्हां मेंदू रंगला आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें! मेंदूंतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट जोडलेल्या असतात कीं, रक्तांतील पुष्कळशीं विषें आंत शिरत नाहींत. पण त्यांबरोबर बहुतेक औषधेंहि बाहेरच राहतात.

‘ग्लायोब्लास्टोमा’ नांवाच्या मेंदूंतील दुष्ट गांठीच्या बाबतींत ही अडचण जिवावर बेतते. शस्त्रवैद्यानें गांठ काढली तरी तिच्या कांहीं पेशी आसपास उरतात, आणि बहुधा त्याच जागेजवळ रोग पुन्हां डोकें वर काढतो. कारमस्टीन हें औषध तट ओलांडूं शकतें खरें. परंतु रक्तांत तें फार थोडा वेळ टिकतें, आणि मात्रा वाढवावी तर अस्थिमज्जा व फुप्फुसें यांस इजा पोंचते.

यावर अमेरिकेंतील शस्त्रवैद्य हेन्री ब्रेम व अभियंते रॉबर्ट लँगर यांनीं सहकाऱ्यांसह तोड काढली. शस्त्रक्रियेसाठीं कवटी उघडावी लागतेच, तर औषध त्याच वेळीं आंत ठेवून यावें, ही ती कल्पना. त्यांची ‘ग्लायाडेल’ चकती सुमारें दीड सेंटिमीटर रुंद व एक मिलिमीटर जाड असून तींत ७.७ मिलिग्रॅम कारमस्टीन असतें. गांठ काढल्यावर उरलेल्या पोकळींत अशा जास्तींत जास्त आठ चकत्या बसवितात. साबणाच्या वडीप्रमाणें त्या हळूहळू झिजतात आणि दोन-तीन आठवडे औषध सोडीत राहतात. त्या काढण्यासाठीं पुन्हां शस्त्र लावावें लागत नाहीं. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें या उपायास मान्यता दिली.

आतां फळाविषयीं. रोग उलटलेल्या २२२ रुग्णांवरील चाचणी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. औषधी चकत्या बसविलेल्यांपैकीं निम्मे रुग्ण ३१ आठवड्यांपलीकडे जगले. नुसत्या चकत्या बसविलेल्यांत हाच आंकडा २३ आठवडे होता. म्हणजे लाभ आठ आठवड्यांचा. शिवाय औषध चकतीपासून थोडे मिलिमीटरच पसरतें. आणि मेंदूस सूज येणें, जखम न भरणें, झटके येणें, हे धोकेहि आहेत.

तेव्हां याला कोणी चमत्कार म्हटल्यास वाचकांनीं भुलूं नये. पण आठ आठवडे तुच्छहि मानूं नयेत. आमच्या घरांतून असे निर्णय बहुधा वडीलधारी मंडळी माजघरांत घेतात आणि रुग्णापासून रोगाचें नांवहि लपवितात. हें प्रेमापोटींच होतें. तरी आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. ते आठ आठवडे ज्याचे, त्याला शुद्ध आहे तोंवर सारें समजावून सांगावें, आणि पहिला शब्द त्याचा असूं द्यावा.