खडकातील खनिजे व आपली जमीन

शेतातील माती हे मूळ खडकाचेच रूपांतर होय. खडकात कोणती खनिजे आहेत हे कळले, म्हणजे जमिनीच्या पुष्कळशा गुणदोषांचा उलगडा होतो.

भूकवचात वजनाने शेकडा सुमारे 47 भाग प्राणवायू व 28 भाग सिलिकॉन असतो. बहुतेक खडक यांच्या संयोगाने बनलेल्या सिलिकेट खनिजांचेच असतात. या खनिजांत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती प्राणवायूचे चार अणू असतात. असे गट सुटे असल्यास खनिज लवकर झिजते. ऑलिव्हीन हे त्याचे उदाहरण. सर्व गट परस्परांत गुंफलेले असल्यास ते गारगोटीप्रमाणे चिवट राहते.

मुंबईतील घोडपदेव-माझगावच्या टेकड्यांपासून पश्चिम विदर्भापर्यंतचा प्रदेश सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकातून घडला. त्यातील काळ्या पाषाणात प्लेजिओक्लेज फेल्स्पार व ऑजाइट ही प्रमुख खनिजे आहेत. पहिल्यात चुना व सोडियम, तर दुसऱ्यात चुना, मॅग्नेशियम व लोह असते. मध्यम पावसाच्या प्रदेशात ती कुजून माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती बनते. ती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर भेगाळते. काळ्या जमिनीचा हा स्वभाव त्यामुळेच आहे. कोकणात अतिवृष्टीने चुना, मॅग्नेशियम व सिलिकाही धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा तयार झाला. म्हणून तेथील जमिनी आम्लधर्मी असतात.

भंडारा-चंद्रपूरकडील ग्रॅनाइटसारख्या खडकांत गारगोटी, अभ्रक व ऑर्थोक्लेज फेल्स्पार आढळतात. शुद्ध ऑर्थोक्लेजमध्ये शेकडा सुमारे 17 भाग पालाश असतो. परंतु तो खनिजात जखडलेला असल्याने पिकास फार सावकाश मिळतो. यास्तव खडकावरून खताची मात्रा ठरवू नये. मातीपरीक्षण करून घ्यावे.

शेतातील पांढरे खडे गारगोटीचे की चुनखडीचे, हेही ओळखावे. गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही. चुनखडीवर उठतो व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच ती फसफसते. चुनखडी फार असलेल्या जमिनीत संत्रा-मोसंबीची पाने लोहाच्या अभावी पिवळी पडतात. तेव्हा बाग लावण्यापूर्वीच ही पाहणी करावी.

खडकाची इंचभर माती होण्यास शतके लागतात, पण ती वाहून जाण्यास थोडे पावसाळे पुरतात. खत पुन्हा विकत आणता येईल. माती आणता येणार नाही. म्हणून ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंनी बांधबंदिस्ती व समपातळीतील मशागतीचे महत्त्व शेतकऱ्यांना आवर्जून पटवून द्यावे.