बेथनल ग्रीन भुयारी रेल्वे स्थानक

बेथनल ग्रीन हे लंडन शहराच्या पूर्व भागातील भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. ते सेंट्रल मार्गावर लिव्हरपूल स्ट्रीट आणि माइल एंड या स्थानकांच्या दरम्यान असून ४ डिसेंबर १९४६ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले. त्यापूर्वी, दुसऱ्या महायुद्धात, त्याचा वापर हवाई हल्ल्यांपासूनचा निवारा म्हणून होत असे. ३ मार्च १९४३ रोजी येथील जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत १७३ जणांचा मृत्यू झाला. याच नावाचे दुसरे स्थानक जवळच जमिनीवरील लोहमार्गावर आहे; ते वेगळे होय.

बांधकाम

सेंट्रल मार्ग १९१२ पासून लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंतच जात होता. १९३५ मध्ये आखलेल्या विस्तार योजनेनुसार तो पूर्वेकडे वाढवण्याचे ठरले आणि १९३६ मध्ये बेथनल ग्रीन येथे काम सुरू झाले. युद्ध सुरू झाल्यावर रूळ टाकण्यापूर्वीच काम थांबले. या स्थानकाला जमिनीवर इमारत नाही. चौकातील जिन्यांवरून थेट तिकीटघरात उतरावे लागते.

युद्धकाळातील निवारा

लंडनवर बॉम्बहल्ले सुरू झाल्यानंतर ऑक्टोबर १९४० पासून हे अपूर्ण स्थानक निवारा म्हणून वापरात आले. त्याची व्यवस्था स्थानिक नगरपालिकेकडे होती. येथे सुमारे ५,००० खाटा होत्या. परिसरातील वाचनालय बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यावर भुयारातच वाचनालय सुरू करण्यात आले. एक छोटे नाट्यगृहही येथे होते.

मात्र खाली उतरण्यासाठी एकच प्रवेशद्वार होते. त्याची रचना धोकादायक वाटल्याने नगरपालिकेने १९४१ मध्ये तेथे सुधारणा करण्याची परवानगी वरिष्ठ नागरी संरक्षण अधिकाऱ्यांकडे मागितली होती. ती नाकारण्यात आली.

१९४३ ची दुर्घटना

१ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला होता, त्यामुळे लंडनवर प्रतिहल्ला होईल अशी लोकांना धास्ती होती. ३ मार्च रोजी रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा वाजला आणि लोक निवाऱ्याकडे निघाले. सुमारे दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानवेधी अग्निबाण सोडण्यात आले. हा आवाज अपरिचित असल्याने बॉम्ब पडत असल्याचा समज होऊन प्रवेशद्वाराशी गर्दी लोटली.

या द्वारातून १९ पायऱ्यांचा जिना खाली जात होता. निष्प्रदीपामुळे तेथे अतिशय मंद दिवा होता, मध्यभागी कठडा नव्हता आणि पोलीस बंदोबस्तही नव्हता. तळाजवळ एक स्त्री अडखळून पडली. तिच्यामागचे लोक तिच्यावर कोसळले, तर वरचे लोक पुढे काय घडले हे न कळल्याने उतरतच राहिले. काही क्षणांतच सुमारे ३०० माणसे जिन्यात अडकली. मृतांमध्ये ८४ स्त्रिया, २७ पुरुष आणि ६२ मुले होती. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. त्या रात्री त्या भागात एकही बॉम्ब पडला नव्हता.

चौकशी आणि गोपनीयता

गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी दंडाधिकारी लॉरेन्स डन यांच्याकडे चौकशी सोपवली. डन यांनी लोकांचे भान सुटणे हे मुख्य कारण मानले; त्याचबरोबर अपुरा प्रकाश आणि कठड्याचा अभाव या उणिवाही नोंदवल्या. ज्यू लोकांमुळे घबराट पसरल्याची अफवा त्यांनी निराधार ठरवली. शत्रूला माहिती मिळू नये व लोकांचे मनोधैर्य खचू नये म्हणून अहवाल १९४५ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. दरम्यान एका मृताच्या पत्नीने दाखल केलेल्या दाव्यात न्यायालयाने नगरपालिकेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. परवानगी नाकारल्याचा पत्रव्यवहार मात्र जनतेसमोर आला नव्हता. त्यामुळे ज्या संस्थेने धोक्याची सूचना दिली होती, तिच्यावरच दोष आला.

दुर्घटनेनंतर जिन्याच्या मध्यभागी कठडे बसवण्यात आले.

स्मारक

१९९३ मध्ये, घटनेला ५० वर्षे पूर्ण झाल्यावर, जिन्यावर स्मृतिफलक लावण्यात आला. त्यानंतर स्थानिकांनी व मृतांच्या नातेवाइकांनी निधी जमवून स्थानकाशेजारच्या बागेत स्मारक उभारले. १७ डिसेंबर २०१७ रोजी त्याचे अनावरण झाले. मूळ जिन्याच्या आकाराचा सागवानी जिना उलटा टांगल्यासारखी त्याची रचना असून त्यावर मृतांची नावे कोरलेली आहेत. ज्या जिन्यावर ही दुर्घटना घडली, तो आजही प्रवाशांच्या वापरात आहे.