हेल क्रीकचा हिशेब

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातल्या बोवेन खोऱ्यातून पोलाद कारखान्यांना लागणारा उत्तम कोकिंग कोळसा जगभर जातो. भारत त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. याच खोऱ्यात हेल क्रीक नावाची उघडी खाण आहे. देशाच्या कोळसा उत्पादनात तिचा वाटा जेमतेम एक टक्का, त्यामुळे बाहेरच्या कुणाला तिचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 2021 साली नेदरलँड्समधल्या स्रॉन या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2018 आणि 2019 या वर्षांतली उपग्रहाची निरीक्षणे पिंजून काढली आणि एक आकडा छापला : हेल क्रीकमधून वर्षाला सुमारे 2 लाख 30 हजार टन मिथेन हवेत जातो. म्हणजे ताशी 26 टन. ऑस्ट्रेलियाचे सरकार देशातल्या यच्चयावत कोळसा खाणींच्या नावावर जेवढा मिथेन दाखवत होते, त्याचा पाचवा हिस्सा या एकट्या खाणीचा निघाला.

त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक पंकज सदावर्ते. त्याआधी त्यांनी मुंबईच्या आयआयटीत चंद्रा वेंकटरामन यांच्याबरोबर भारतातल्या उद्योगांच्या आणि वाहनांच्या प्रदूषणाची जंत्री तयार करण्याचे काम केले होते. उत्सर्जनाचे आकडे कागदावर कसे मांडले जातात, हे त्यांना आतून माहीत होते.

आकडा धक्कादायक ठरला, कारण मिथेन म्हटले की खाणवाल्यांच्या डोळ्यांपुढे भूमिगत खाण येते. कोळशाच्या थरात हा वायू दबून बसलेला असतो. थर जितका खोल, तितका साधारणपणे वायू जास्त. कोळसा फोडला की तो सुटतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून भूमिगत खाणीत प्रचंड पंखे अखंड चालतात, वायू हवेत मिसळून पातळ केला जातो आणि हवेच्या विहिरीतून बाहेर सोडला जातो. तिथे वायू मोजला जातो तो हवामानबदलाच्या काळजीने नव्हे, जिवाच्या भीतीने. भारतीय नियमांतही भूमिगत खाणींच्या तीन पायऱ्या आहेत. एक टन कोळशामागे 10 घनमीटरपेक्षा जास्त वायू देणारी खाण तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक पायरीत मोडते.

उघड्या खाणीत असली भीती नाही. सुटलेला वायू वाऱ्यावर निघून जातो, कुणाचा जीव जात नाही, मग मोजायचे कुणी आणि कशाला? तिथे चालतो तो गुणाकार. किती टन कोळसा काढला, त्याला राज्यासाठी ठरलेल्या सरासरी गुणकाने गुणायचे, झाले उत्सर्जन. एका खाणीचा थर वायूने भरलेला असो की शेजारच्या खाणीचा कोरडा, गुणक तोच. अशा सरासरीच्या आड मोठी गळती आरामात लपते. आणि मिथेन लपणे परवडणारे नाही. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

हेल क्रीकची गळती उघडकीला आणणाऱ्या यंत्राचे नाव ट्रोपोमी. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेन्टिनेल-5पी या उपग्रहावर ते बसवले आहे आणि 13 ऑक्टोबर 2017 रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून ते वर गेले. 824 किलोमीटर उंचीवरून ते एका फेरीत 2600 किलोमीटर रुंदीचा पट्टा न्याहाळते. त्यामुळे जवळजवळ सगळी पृथ्वी रोज एकदा त्याच्या नजरेखालून जाते, तीही स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास. जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश ते गोळा करते. अवरक्त प्रकाशाच्या 2.3 मायक्रोमीटरच्या आसपासच्या काही ठरावीक लहरी मिथेन शोषून घेतो. त्या लहरींत जितका अंधार, तितका वाटेत मिथेन जास्त.

या यंत्रातला सर्वांत देखणा भाग म्हणजे सिलिकॉनची जाळी. प्रकाश फोडून त्याचा वर्णपट मांडायला सूक्ष्म रेघा कोरलेला पृष्ठभाग लागतो. एरवी प्रकाश त्यावर बाहेरून, हवेतून किंवा पोकळीतून पडतो. ट्रोपोमीत तो सिलिकॉनच्या लोलकात शिरतो आणि रेघांवर आतून आदळतो. सिलिकॉनमध्ये प्रकाशाच्या लहरीची लांबी तिपटीहून जास्त घटते, म्हणून तेच काम पुष्कळ लहान यंत्रात भागते. नेहमीच्या जाळीने याच कामाला सुमारे चाळीस पट जागा घेतली असती. टिपणारा पडदा उणे 133 अंशांवर थंड ठेवावा लागतो, नाहीतर यंत्राची स्वतःचीच ऊब त्यात मिसळते.

एवढे करून हाती येते ते हवेच्या अख्ख्या स्तंभातले मिथेनचे प्रमाण. त्यातून ताशी किती टन, हे काढायला वारा लागतो. ओढ्याचे पाणी मोजताना पात्राचा छेद आणि धारेचा वेग गुणतात, तसेच इथे. खाणीपासून वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या लोटाला आडव्या रेघा मारायच्या, प्रत्येक रेघेवरचा जादा मिथेन बेरजेत घ्यायचा आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. वाऱ्याचा वेग हवामानाच्या प्रारूपांतून घेतलेला असतो. तो सेकंदाला चार मीटरऐवजी पाच धरला, की उत्सर्जनही पंचवीस टक्क्यांनी फुगते. उपग्रहाच्या आकड्यांवरून होणाऱ्या भांडणाचे खरे मूळ इथे आहे. सदावर्ते आणि सहकाऱ्यांनी बोवेन खोऱ्यातल्या सहा खाणींचा मिळून आकडा 5 लाख 70 हजार टन दिला, तोही 98 हजार टन अधिक-उणे धरून. एका दिवसाच्या चित्रावर असा दावा करता आला नसता. दोन वर्षांची सरासरी म्हणून तो टिकतो.

ट्रोपोमीची एक चौकट सात बाय साडेपाच किलोमीटरची. एवढ्यात दोन खाणी सहज मावतात. जवळून पाहायला दुसरी नजर लागते आणि तिचा उगम श्रीहरिकोट्याशी जोडलेला आहे. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने वीस उपग्रह वर नेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ त्यांत होता, आणि माँट्रियलच्या जीएचजीसॅट कंपनीचा ‘क्लेअर’ही. क्लेअर बारा किलोमीटरच्या चौकोनाकडेच पाहतो, पण पन्नास मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. त्याच कंपनीच्या पुढच्या उपग्रहांनी जानेवारी 2022 मध्ये सायबेरियातल्या कुझबासमधल्या रास्पादस्काया खाणीवर एकाच दिवशी मिथेनचे तेरा लोट पकडले. सगळे मिळून ताशी सुमारे 90 टन.

हेल क्रीकची मालक ग्लेनकोर कंपनी. तिने उपग्रहाच्या आकड्यांवर शंका घेतली. शंका अगदीच निराधार नव्हती, पण तिची तपासणी झाली. 2023 मध्ये न्यू साउथ वेल्स आणि ब्रेमेन विद्यापीठांतल्या संशोधकांनी खाणीवर विमाने नेली. एका पद्धतीत वरून प्रकाश मोजला, दुसरीत लोटात शिरून हवाच तपासली. कंपनीने कळवलेल्या आकड्याच्या तीन ते आठ पट मिथेन निघाला. आता ऑस्ट्रेलियात मोठ्या उघड्या खाणींसाठी सरसकट गुणकाची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद होते आहे. तिच्या जागी जमिनीत भोके पाडून थरातला वायू तपासायचा आहे. मात्र तो हिशेबही खाणवालेच करणार.

भारतातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून येतो. चंद्रपूर आणि वणीच्या ओपनकास्ट खाणी त्यातल्याच. त्यांच्या उत्सर्जनाचा राष्ट्रीय हिशेब धनबादच्या संशोधन संस्थेने ठरवलेल्या गुणकांवर चालतो. ते गुणक निदान परदेशातून उसने आणलेले नाहीत, हे चांगले. पण इथे पावसाळ्याचे ढग महिनोन्‌महिने जमीन झाकून टाकतात, आणि ढगाखालचे ट्रोपोमीला काही दिसत नाही.

मिथेन मोजणाऱ्या नव्या उपग्रहांपैकी मेथेनसॅटशी संपर्क जून 2025 मध्ये तुटला; वर गेल्यापासून त्याला दीड वर्षही झाले नव्हते. सात वर्षांसाठी बांधलेले सेन्टिनेल-5पी मुदत उलटूनही काम करते आहे. त्याच्या घराण्यातले पुढचे यंत्र, सेन्टिनेल-5, ऑगस्ट 2025 मध्ये वर गेले. ते दुपारी दीडला नव्हे, सकाळी साडेनऊच्या सुमारास येते. दोन्ही चालू राहिली, तर एकाच खाणीवरची सकाळची आणि दुपारची हवा ताडून पाहता येईल.