आमदार व्हायचंय? वय, कागदपत्रं, डिपॉझिट; जाणून घ्या नियम काय सांगतात

मीरा रोड : गावात कुणी चार लोकांची कामं केली की मंडळी म्हणतात, 'भाऊ, आता आमदारकीला उभे राहा.' पण त्यासाठी नक्की लागतं काय?

सुरुवात मतदार यादीपासून. मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये राहणारा माणूस सहज म्हणेल, 'आमचा मतदारसंघ मीरा-भाईंदर.' पण या शहराचा काही भाग ओवळा-माजिवड्यातही येतो. म्हणून आधी आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही यादीत नाव असेल तर राज्यातल्या कुठल्याही खुल्या जागेवर उभं राहता येतं. राखीव जागेसाठी त्या प्रवर्गाचं असणं बंधनकारक.

पात्रता काय?

भारताचं नागरिकत्व आणि वय किमान २५ वर्षे. शिक्षणाची अट नाही. ग्रामपंचायतीला असते ती दोन अपत्यांची अटही आमदारकीला नाही. सरकारी नोकरी असेल तर आधी सोडावी लागते. राज्य सरकारच्या कामाचं किंवा मालपुरवठ्याचं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू असेल तरी अडचण येते. दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली, तर सुटल्यावरही सहा वर्षे लढता येत नाही.

अर्ज आणि खर्च

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. सगळे त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. सोबत शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण लिहून द्यायचं. हे शपथपत्र कुणालाही वाचता येतं.

डिपॉझिट १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. निवडून आला नाही आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतंही मिळाली नाहीत, तर डिपॉझिट जप्त. म्हणजे १ लाख ८० हजार वैध मतं पडली, तर ३० हजारांच्या वर मतं हवीत.

महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्यासाठी वेगळं बँक खातं काढायचं आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. हरलेल्यालाही तो चुकत नाही. हिशेब दिला नाही तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं जाऊ शकतं.

खरा रस्ता खालून जातो

कागदपत्रं आठवड्यात होतात, ओळख व्हायला वर्षं जातात. आर. आर. पाटील आधी सांगली जिल्हा परिषदेत सदस्य होते. १९९० मध्ये तासगावातून आमदार झाले आणि पुढे उपमुख्यमंत्रिपदापर्यंत गेले. डहाणूचे विनोद निकोले यांनी कधीकाळी वडापाव विकला. मग पक्षाचं पूर्णवेळ काम केलं आणि २०१९ मध्ये आमदार झाले.

मीरा-भाईंदरमध्येही तेच दिसतं. माजी महापौर नरेंद्र मेहता २००९ मध्ये हरले, २०१४ मध्ये जिंकले. २०१९ मध्ये माजी महापौर गीता जैन यांनी अपक्ष लढून त्यांना हरवलं. २०२४ मध्ये पुन्हा मेहता आले. पक्षाचं तिकीट नसतानाही जिंकता येतं आणि जिंकलेली जागा पाच वर्षांत जातेही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख तब्बल ११ वेळा आमदार झाले. तरी १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांनाही मतदारांनी घरी बसवलं होतं. म्हणून याला पक्की नोकरी समजून कर्ज काढू नका, जमीन विकू नका. पोटापाण्याचा दुसरा धंदा हाताशी ठेवा.

काम कुठलं?

गटार, पथदिवे, नळ ही कामं मुळात ग्रामपंचायतीची नाहीतर पालिकेची. आमदार पाठपुरावा करतो, निधी आणतो. पण त्याचं मुख्य काम विधानसभेत. कायदे करायचे, बजेट तपासायचं, सरकारला प्रश्न विचारायचे. तिथल्या २८८ जणांत आपल्या तालुक्याचा आवाज एखाद-दुसराच असतो. तो गप्प बसला तर तालुकाच गप्प बसतो.

मग आज काय करायचं? मतदार यादीत नाव तपासा. पुढच्या ग्रामसभेला जा, जमाखर्च मागा, उभं राहून एक प्रश्न विचारा. विधानसभेत करायचं ते काम याच जातीचं आहे. आणि ग्रामपंचायत लढवायला २१ वर्षे पूर्ण असली तरी चालतं.