पलटणीतून परतलेला धनी

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी केरेनला लढल्या, पुढे इटलीत लढल्या. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. पण जो जवान हातीपायी धड लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरला आणि मनाने तिकडेच राहिला, त्याच्या बायकोचे काय?

मावळातल्या अशा एखाद्या घरात तो रात्री किंचाळत उठे. दिवाळीत फटाका वाजला की माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसे. आषाढात कौलांवर पाऊस कोसळू लागला की घोटभर घेतल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नसे. शेजारी म्हणत, ‘बाहेरची बाधा!’ सासू अंगारा लावी. डॉक्टरांच्या लिखाणात १९१५ सालीच ‘शेल शॉक’ हे नाव आले होते. ते खेड्यातल्या चुलीपर्यंत कोण आणणार?

तो गेला तेव्हा बायका म्हणाल्या, ‘सुटली बिचारी!’ मला हे बोल फार निष्ठुर वाटतात. भरतीपूर्वीचा तो, भातखाचरातून तिला शीळ घालणारा, अधूनमधून क्षणभर तिला भेटत असे. आता ती वाट पाहणेही उरले नाही.