रेल्वेचा जुना हिशेब आणि आपली साखर



गटवार मेळाव्यात लागणीची माहिती सांगून झाली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे झाली तर आपल्या साखरेला चार पैसे जादा मिळतील काय? सुमारे १०८ किलोमीटरचा हा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. खर्चाचा त्या वेळचा अंदाज तीन हजार कोटींच्या वर. उत्तराआधी आपल्याच जिल्ह्यातली जुनी लाईन आम्ही तपासली.

कोल्हापूर-मिरज लाईन २९ मैलांची. ३ मे १८८८ रोजी बाल शाहू महाराजांच्या हस्ते पहिली कुदळ पडली, २१ एप्रिल १८९१ ला गाडी सुरू झाली. भांडवल कोल्हापूर दरबारचे, म्हणजे पर्यायाने रयतेचे. गाड्या चालवायच्या सदर्न मराठा कंपनीने. आता बघा. कोल्हापूर ते पुणे १९० मैलांच्या आसपास. भाड्याची वाटणी मैलावर धरली तर रुपयातले जेमतेम अडीच आणे आपल्या तुकड्याचे, त्यातून चालवण्याचा खर्च वजा. लाईन कोल्हापुरातच संपते, पलीकडून माल येणार नाही. गूळ हंगामापुरता, पावसाळ्यात डबे रिकामे. नुसते भाडे बघणारा सावकार असल्या धंद्याला दमडी देणार नाही.

तरी दरबारचा पैसा वाया गेला असे आम्हाला वाटत नाही. पूर्वी आपला माल बैलगाडीने घाट उतरून राजापूरसारख्या बंदरांना जाई. रेल्वे आल्यावर १८९५ ला शाहूपुरी पेठ वसली, पुढे लाईनवरच जयसिंगपूर उभे राहिले, राधानगरीच्या धरणाचे काम निघाले, ऊस वाढला. गुळ मार्केट नावाचे स्टेशन तर आजही आहे. हा माल १८८८ च्या कुठल्याच वहीत दिसला नसता.

एक गोष्ट मात्र नडली. लाईन मीटर गेज, पुण्यापुढे मुंबईकडे ब्रॉडगेज. गुळाचे रवे पुण्यात एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचे; फुटणार किती, पाघळणार किती, ते गुऱ्हाळवाल्यालाच विचारा. १९७१ ला ब्रॉडगेज होईपर्यंत ऐंशी वर्षे हे चालले.

आता आपली साखर. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना, उतारा बारा टक्के, म्हणजे साखर सहाशे टन. मालगाडी भरायला अडीच हजार टन लागते, म्हणजे चार-साडेचार दिवसांचे उत्पादन. पण २०१८ पासून विक्री महिन्याच्या कोट्याने, आणि निर्यात केंद्र परवानगी देईल तेव्हाच. एकट्या कारखान्याची गाडी भरणे अवघड. चार-पाच कारखान्यांनी मिळूनच ती भरेल. शिवाय गोदामातून ट्रक, ट्रकातून डबा, ही दुहेरी हमाली. ट्रक थेट बंदरात जातो.

म्हणून नुसत्या साखरेवर हा मार्ग परवडत नाही, असे आमचे मत. परतीचा माल धरला की चित्र बदलते. पोटॅश जवळजवळ सगळे परदेशातून येते, डीएपी बरेचसे. कोकणातल्या बंदरात खताची बोट लागली आणि तिथून रूळ असले, तर साखर नेणारे डबे खत घेऊन येतील. आडसालीच्या लागणीला जून-जुलैत खत लागते, तेव्हा साखरेची गर्दीही नसते. त्यासाठी बंदराला रूळ हवेत आणि स्टेशनाला धक्का अन् कोरडे गोदाम हवे. पुढच्या सभेत रेल्वेचा विषय निघाला तर या दोन गोष्टी पहिल्यांदा विचाराव्यात.