पेटी दुरुस्त करणाऱ्याने सॉफ्टवेअर कसं निवडावं?



‘स्वयंरोजगार’ हा शब्द आपण मुलांना शिकवतो. पण एकट्याने धंदा करताना कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे सहसा शिकवत नाही. आज त्यासाठी एक उदाहरण घेऊ. मोठ्या शहरांत घरोघरी जाऊन पियानो ट्यून करणारे कारागीर असतात. आपल्या हरिहरेश्वर-श्रीवर्धन पट्ट्यात त्यांचा जवळचा भाऊबंद म्हणजे पेटी, अर्थात हार्मोनियम, दुरुस्त करणारा.

आधी काम समजून घेऊ

पेटीत पितळेचे सूर असतात, त्यांनाच रीड म्हणतात. भात्याची हवा लागली की त्यांची पात कंप पावते. ही पात टोकाकडे किंचित घासली तर स्वर चढतो, मुळाकडे घासली तर उतरतो. दर वेळी थोडं पितळ कमी होतं. म्हणून कोणता सूर किती वेळा घासला, याची नोंद हवी. तोच सूर पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर घासण्यापेक्षा बदललेला बरा.

त्यात आपली हवा दमट आणि खारी. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळ कळकतं. आणि भजनी मंडळांना पेटी हवी असते गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन पावसाळ्यात! खाडीपलीकडे वेश्वीला काम असेल तर बागमांडल्याहून फेरीबोटीने जायचं. एका पेटीसाठी तेवढी फेरी परवडत नाही. तिकडची चार कामं एकदम काढावी लागतात.

म्हणजे या कारागिराला तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत:

१. कोणत्या पेटीचं कधी काय केलं.
२. कोणत्या गावाला कधी जायचं.
३. पैसे किती आले, किती राहिले.

मग पर्याय पाहू

*टॅली* – हिशेब, मालसाठा आणि जीएसटीसाठी भक्कम. पण संगणक हवा आणि शिकायला वेळ हवा. एकट्या कारागिराला हे जरा जास्तच होतं.

*खाताबुक, व्यापार यांसारखी अ‍ॅप* – मोबाइलवर उधारी आणि बिलं सांभाळायला सोपी. पण ती मुळात दुकानदाराच्या गरजेवर बेतलेली आहेत. ‘या पेटीचा मध्य सप्तकातला गंधार दोनदा घासला आहे’ हे लिहायला त्यांत वेगळा रकाना नसतो.

*गूगल शीट्स* – कोरा तक्ता. रकाने आपण ठरवायचे. गावानुसार गाळणी लावली की खाडीपलीकडची सगळी कामं एकत्र दिसतात. जोडीला गूगल कॅलेंडर ठेवलं की तारखांची आठवण होते.

*व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस* – गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात, ठरलेली उत्तरं तयार ठेवता येतात. पण ते निरोपाचं साधन आहे, नोंदवही नव्हे.

निवडताना चार प्रश्न

पहिला, रेंज नसताना चालतं का? शीट्सची फाइल ऑफलाइन वापरासाठी आधीच निवडून ठेवावी लागते.

दुसरा, माझी माहिती मला बाहेर काढता येते का? फोन पाण्यात पडला किंवा अ‍ॅप बंद झालं, तर दहा वर्षांच्या नोंदी जाता कामा नयेत. महिन्यातून एकदा प्रत उतरवून दुसरीकडे ठेवावी.

तिसरा, मराठीत लिहिता आणि शोधता येतं का?

चौथा, खर्च किती कामांत भरून निघतो? समजा, अ‍ॅपचं वार्षिक शुल्क ३,००० रुपये आहे आणि एका पेटीमागे खर्च वजा जाता ५०० रुपये सुटतात. ३,००० ÷ ५०० = ६. म्हणजे वर्षातल्या सहा पेट्यांची कमाई अ‍ॅपला गेली. ते अ‍ॅप तेवढी जास्त कामं मिळवून देतं का, किंवा बुडणारी उधारी वाचवतं का? नसेल, तर फुकटचा तक्ता बरा.

जीएसटीची धास्ती नको. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. मग केवळ जीएसटी बिलासाठी महागडं सॉफ्टवेअर कशाला?

आमचं मत

अशा कारागिराने तक्ता आणि कॅलेंडर यांनी सुरुवात करावी. कामं वाढली, उधारी हाताबाहेर जाऊ लागली, की उधारीचं अ‍ॅप जोडावं. एक काळजी मात्र घ्यावी: मंडळाची पेटी मंडळाच्या नावावर नोंदवावी, खजिनदाराच्या नव्हे. खजिनदार बदलतो, पेटी तीच राहते!

वर्गासाठी उपक्रम

मुलांना गावातला एक कारागीर निवडू द्या – शिंपी, सायकलवाला, होडी दुरुस्त करणारा, कोणीही. ‘तुम्हाला काय काय लक्षात ठेवावं लागतं?’ एवढंच विचारून यायला सांगा. त्या उत्तरांवरून वर्गात पाच रकान्यांचा तक्ता करा. अ‍ॅपचं नाव त्यानंतरच काढायचं. पालकांनी घरच्या धंद्यासाठी हाच तक्ता मुलांकडून करून घ्यावा. गणिताचा सराव होईल आणि घरचा हिशेबही मार्गी लागेल.